मृत नगरी आणि जितीं माणसें

कांहीं शहरें पायांनीं पाहण्यापूर्वींच आपण पुस्तकांतून पाहिलेलीं असतात. इंग्रजी विद्येच्या द्वारें ज्यांचा युरोपशीं परिचय झाला, त्यांस लंडन डिकन्सनें दाखविलें व पॅरिस ह्यूगोनें दाखविलें. पुढें प्रत्यक्ष प्रवासाचा योग आला, तेव्हां त्यांनीं तीं शहरें पाहिलीं असें म्हणण्यापेक्षां पडताळून पाहिलीं, असें म्हणणेंच अधिक खरें होईल. या पडताळ्यांत बहुधा पुस्तकाचीच सरशी होते. जें पाहावयाचें ठरवून आपण गेलेले असतों तेंच डोळे शोधून काढतात, आणि जें पुस्तकांत नाहीं तें समोर उभें असूनहि दिसत नाहीं. बेल्जममधील ब्रूज या शहरीं मी गेलों, तेव्हां माझ्याहि हातीं असेंच एक पुस्तक होतें. परत येतांना त्या पुस्तकाविषयींचें माझें मत जातांना होतें तसें राहिलें नाहीं. तें कां बदललें व कितपत बदललें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

तें पुस्तक म्हणजे जॉर्ज रोदेनबाख या बेल्जन ग्रंथकाराची ‘ब्रूज-ला-मोर्त’ अर्थात् ‘मृत ब्रूज’ ही फ्रेंच भाषेंतील छोटी कादंबरी. १८९२ च्या फेब्रुवारींत ती पॅरिसच्या ‘ल फिगारो’ पत्रांत क्रमशः आली व त्याच वर्षीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. मूळ फ्रेंचचा रसास्वाद घेण्याइतकी माझी त्या भाषेंत गति नाहीं. मीं ती इंग्रजी भाषांतरांतून वाचली आहे. तेव्हां तिच्या शब्दलालित्याविषयीं बोलण्याचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु कथेची रचना, पात्रें, आणि या सर्वांमागील ग्रंथकाराची दृष्टि हीं भाषांतरांतूनहि कळतात, व माझें म्हणणें त्यांजविषयींच आहे.

कथानक थोडक्यांत असें आहे. ह्यूग व्हियान हा चाळिशींतला विधुर. दहा वर्षांच्या सुखाच्या संसारानंतर त्याची पत्नी वारली, आणि शोकाला शोभेल असें गांव म्हणून तो ब्रूज येथें येऊन राहिला. पांच वर्षें झालीं तरी घरांतील तिच्या वस्तु जेथल्या तेथें आहेत, आणि तिची सोनेरी वेणी कांचेच्या पेटींत एखाद्या साधूच्या अवशेषासारखी जपून ठेविलेली आहे. रोज संध्याकाळीं कालव्यांच्या कांठानें एकट्यानें फिरावें, हाच त्याचा नित्यक्रम. अशाच एका संध्याकाळीं त्याला हुबेहूब पत्नीसारखी दिसणारी एक स्त्री भेटते. ती जेन स्कॉट नांवाची नाटकमंडळींतील नर्तकी निघते. तो तिला गांवाबाहेरच्या बाजूस घर घेऊन देतो, पत्नीचे जुने पोशाख तिच्या अंगावर चढवून पाहतो, आणि हळूहळू त्याच्या लक्षांत येतें कीं साम्य वरवरचें असून भेद खोल आहे. गांव कुजबुजूं लागतें. शेवटीं पवित्र रक्ताच्या मिरवणुकीच्या दिवशीं, मिरवणूक पाहण्याच्या निमित्तानें जेन त्याच्या घरीं येते, त्या जपून ठेविलेल्या वस्तु हाताळते, आणि थट्टेनें ती वेणी आपल्या गळ्याभोंवतीं गुंडाळते. ह्यूगचें भान सुटतें. त्याच वेणीनें तो तिचा गळा आवळतो.

एवढ्याशा कथेनें एका शहराचें नशीब बदललें, हें सांगितलें तर खरें वाटणार नाहीं. पण तें सांगण्यापूर्वीं कलाकृति या नात्यानें तिचा विचार करणें न्याय्य होईल.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत, ज्याच्याविषयीं भाव उत्पन्न होतो तो आलंबन विभाव, आणि ज्याच्या योगानें तो भाव वाढीस लागतो तो उद्दीपन विभाव. चांदणें, उपवन, नदीतीर, नगर हीं सारीं उद्दीपनाच्या खात्यांत जमा होतात. आपल्या महाकाव्यांत नगरवर्णन हें आवश्यक अंग मानलेलें आहे; पण तें नायकाचें वैभव दाखविण्यासाठीं किंवा प्रसंगास साज चढविण्यासाठीं. रोदेनबाखनें येथें क्रम उलटा केला. आपल्या पुस्तकांतील नगरी ही केवळ देखावा नसून तें एक मुख्य पात्र आहे, ती माणसाला सल्ला देते, परावृत्त करते व कृतीस प्रवृत्त करते, असें त्यानें प्रस्तावनेंतच सांगून टाकलें आहे. म्हणजे जें उद्दीपन तेंच त्यानें आलंबनाच्या पदवीस चढविलें. ह्यूगचा शोक पत्नीविषयीं आहे कीं नगरीविषयीं आहे, हें पुढें पुढें सांगतां येईनासें होतें. मेलेली पत्नी व मेलेलें शहर हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें होऊन बसतात. ही कल्पना निःसंशय नवीन होती, आणि ती शेवटपर्यंत न सोडतां निभावून नेणें हें सामान्य ग्रंथकाराचें काम नव्हे.

दुसरा गुण याहून सूक्ष्म आहे. प्रिय व्यक्ति गेली व पुन्हां भेटीची आशा उरली नाहीं, तेथें शोक हा स्थायी भाव व रस करुण. वियोग असून भेटीची आशा आहे, तेथें रति हा स्थायी भाव व रस विप्रलंभ शृंगार. या दोहोंच्या सीमेवर आपल्या शास्त्रकारांनीं करुणविप्रलंभ म्हणून एक प्रकार कल्पिला. मेलेला प्रियकर त्याच देहानें परत येणार असें आश्वासन असेल, तेथें तो संभवतो. याचें ठरलेलें उदाहरण बाणभट्टाची ‘कादंबरी’; जिच्या नांवानें आपण आज या साऱ्याच वाङ्मयप्रकारास ओळखतों, तीच. तेथें चंद्रापीडाचा निष्प्राण देह न कुजतां राहतो, कादंबरी त्याची सेवा करीत बसते, आणि शेवटीं तो जिवंत होतो. ह्यूग व्हियानहि तेंच करूं पाहतो. तो वेणी जपतो, पोशाख जपतो, आणि परत येण्याची वाट पाहतो. पण त्याच्या कथेंत वरदान नाहीं, आकाशवाणी नाहीं. ज्याचा रस करुण होता त्यानें तो विप्रलंभ समजून चालविला, हीच त्याची चूक व हाच त्याचा नाश. हें दुःख रोदेनबाखनें फार खोलवर ओळखलें होतें.

येथें कालिदासाच्या यक्षाची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. त्यालाहि प्रियेचें साम्य ठिकठिकाणीं दिसतें. वेलींत तिची अंगलट, हरिणीच्या नजरेंत तिची नजर, चंद्रांत तिचें मुख. परंतु सर्व साम्य एके ठिकाणीं कोठेंच नाहीं, असें तो स्वतःच दुःखानें कबूल करतो. त्या कबुलींतच त्याचें शहाणपण आहे. ह्यूगला वाटलें कीं तें सर्व एके ठिकाणीं सांपडलें. दुःखी माणसाला साम्य दिसणें हा दोष नव्हे. साम्यालाच ऐक्य समजून त्यानें एका जित्या स्त्रीवर मेलेलीचे कपडे चढविले, तेथें दोष आला. जेन हंसते, कारण ते कपडे जुन्या तऱ्हेचे आहेत. तिला त्यांत विनोद दिसतो, त्याला विटंबना दिसते. दोघांचेंहि बरोबर आहे, व म्हणूनच तो प्रसंग पुस्तकांतला सर्वांत चांगला प्रसंग आहे.

दोष सांगावयाचे तर पहिला दोष हाच, कीं जेन ही त्यापुढें माणूस म्हणून वाढत नाहीं. ती लोभी, उथळ व बाजारी ठरविली म्हणजे ग्रंथकाराची तिच्याविषयींची जबाबदारी संपते. तिला काय वाटत होतें, एका मेलेल्या बाईच्या जागीं उभें राहण्यांत तिला किती अपमान वाटला असेल, याचा विचार ह्यूग करीत नाहीं तें ठीक. पण रोदेनबाखहि करीत नाहीं. याच्या उलट ह्यूगची म्हातारी मोलकरीण बार्ब. ती खरी फ्लेमिश, भाविक, हट्टी. आयुष्याच्या अखेरीस पै पै जमवून ‘बेगिनाज’ म्हणजे धर्मशील स्त्रियांच्या वसतिस्थानांत एखादी खोली मिळावी, एवढीच तिची आकांक्षा. ती बाई घरांत पाऊल टाकील तर तूं तें घर सोडलें पाहिजेस, असें तिला तेथील एका नातलग भगिनीनें सांगितलेलें असतें. आणि मिरवणुकीच्या दिवशीं ती रडत रडत पण निश्चयानें निघून जाते. सबंध पुस्तकांत आपल्या पायांवर चालणारें माणूस म्हणून एवढें एकच दिसतें.

बार्बबरोबरच आणखी एक गोष्ट पुस्तकांतून ग्रंथकाराच्या मनाविरुद्ध डोकावते. ब्रूजमधील खिडक्यांना बाहेरून लहान आरसे लाविलेले असत. आंत बसून विणकाम करणाऱ्या बायकांना त्यांतून रस्त्यावर कोण येतें-जातें तें दिसे. ह्यूगची भानगड गांवभर झाली ती या आरशांतून. आतां प्रश्न असा, कीं नगरी जर मेलेली, तर तिला इतके डोळे कोठून आले, आणि इतकी जीभ कोठून आली? चहाडी करणें हें तर जिवंतपणाचें पक्कें लक्षण. आपलें शहर मेलें आहे असें रोदेनबाख पानोपानीं सांगतो, आणि त्याच पानांवर तें शहर शेजाऱ्याच्या उठाठेवी करीत असतें. हा विरोध मीं घरीं वाचतांना ध्यानीं घेतला नव्हता. तो मला ब्रूजच्या रस्त्यांत उभा असतां कळला.

ब्रसेल्सहून आगगाडीनें ब्रूज सुमारें एक तासाच्या वाटेवर आहे. स्टेशन जुन्या गांवाच्या बाहेर असल्यामुळें नवें सारें मागें टाकून मनुष्य मिन्नवाटर नांवाच्या तळ्याकांठीं येतो, आणि तेथून पूल ओलांडला कीं बेगिनाजचा दरवाजा लागतो. १२४५ पासून ही वसाहत येथें आहे. आंत उंच झाडें, मध्यें हिरवळ, भोंवतीं पांढऱ्या भिंतींचीं बैठीं घरें. व्रत घेऊनहि संन्यास न घेणाऱ्या, स्वतःच्या कष्टांवर जगणाऱ्या ‘बेगिन’ स्त्रियांचा हा आश्रम. १९२७ पासून तेथें बेनेडिक्ट पंथाच्या भगिनी राहतात. बेगिनांपैकीं शेवटची मानली जाणारी मार्सेला पॅटिन ही वृद्धा याच प्रांतांत कोर्ट्रिक येथें २०१३ मध्यें वारली, व त्याबरोबर आठशें वर्षांची एक रीत समाप्त झाली. म्हणजे मृत्यु या गांवीं नाहीं असें नाहीं. पण जें खरोखर मेलें तें गाजावाजा न होतां, म्हातारपणानें मेलें. कोणा कवीच्या शोकासाठीं तें थांबलें नाहीं.

पुढें कालव्याच्या कांठानें रोझनहुडकाय लागतो. जपमाळेच्या नांवाचा हा घाट. कादंबरींतील ह्यूगचें घर येथेंच आहे. पाण्यावर ओणवलेलीं विटांचीं घरें, वळण, वळणापलीकडे घंटामनोरा. चित्र इतकें नेमकें जमलेलें आहे, कीं तें कोणी मुद्दाम मांडलें असावें अशी शंका येते. मी पोहोंचलों तेव्हां तेथें त्या एका जागीं उभें राहून फोटो घेण्यासाठीं माणसांची रांग लागली होती. त्यांतील प्रत्येकाची खटपट एकच, कीं आपल्या फोटोंत दुसरा कोणी येऊं नये.

हें पाहून मला हातांतल्या पुस्तकाच्या मूळ आवृत्तीची हकीकत आठवली. रोदेनबाखनें तींत ब्रूजचीं तिसाहून अधिक छायाचित्रें घातलीं होतीं. छायाचित्रांनीं युक्त अशा आरंभींच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. वाचकानें तें पाणी, ते मनोरे प्रत्यक्ष पाहावे व त्यांची छाया मजकुरावर पडावी, असा त्यांत उद्देश होता. हीं चित्रें मुद्दाम काढविलेलीं नव्हतीं. प्रवाशांस विकणाऱ्या पेढ्यांच्या संग्रहांतून तीं घेतलेलीं होतीं. आणि त्यांत माणसें जवळजवळ नाहींत. रस्ते मोकळे, घाट मोकळे, पूल मोकळे. वाचकानें त्यावरून समजावें, कीं गांवच ओस आहे. फर्नां ख्नोप्फ या चित्रकारानें पुस्तकाचें मुखचित्र काढलें होतें. त्याचें स्वतःचें बालपण ब्रूजमध्यें गेलेलें. त्यानें १९०४ मध्यें ‘परित्यक्त नगरी’ या नांवाचें एक चित्र काढलें. त्यांत मेमलिंग या जुन्या चित्रकाराच्या पुतळ्याचा चौथरा आहे, पण त्यावरचा पुतळाच काढून टाकलेला आहे. दगडाचें माणूससुद्धां या मंडळींना चित्रांत नको होतें!

आतां खरें ब्रूज त्या वेळीं कसें होतें? एके काळीं हें उत्तर युरोपांतील मोठ्या बाजारपेठांपैकीं एक होतें. ११३४ च्या सागरी वादळानें झ्विन नांवाची खाडी खोल झाली, तिच्या वाटेनें जहाजें जवळ येऊं लागलीं, आणि १२७७ पासून जिनोआचीं गलबतें थेट येथें माल आणूं लागलीं. व्हान डर बर्स नांवाच्या घराण्याची येथें एक खाणावळ होती. तिच्यापुढें व्यापारी जमत. त्यावरून फ्रेंच वगैरे भाषांत शेअरबाजाराला ‘बूर्स’ हें नांव पडलें असें मानतात. इंग्लंडांत छापखाना नेणारा कॅक्स्टन येथेंच इंग्रज व्यापाऱ्यांचा मुख्य होता. यान व्हान आइक १४४१ मध्यें येथें वारला. मेमलिंगचीं उत्तम चित्रें आजहि येथील सेंट जॉनच्या जुन्या रुग्णालयांत आहेत. पुढें खाडी गाळानें भरत गेली, १४८८ मध्यें शहरानें मॅक्सिमिलियन राजपुत्राला कैदेंत टाकून त्याचा रोष ओढवून घेतला, परदेशी व्यापारी अँटवर्पला गेले, आणि ब्रूज मागें पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तें बेल्जममधील अतिशय दरिद्री शहरांपैकीं एक होतें. हजारों बायका व मुली लेस विणून पोट भरीत. रोदेनबाखनें पाहिलेली उदासी कल्पित नव्हती, हें मान्य केलें पाहिजे. परंतु उपासमारीला मरण म्हणणें, आणि त्या मरणाला सौंदर्य म्हणणें, हें उपाशी माणसाला रुचेल कसें?

त्यांना तें रुचलें नाहीं. याचा पुरावा मार्क्ट नांवाच्या मुख्य चौकांत उभा आहे. घंटामनोऱ्यासमोर दोन पुरुषांचा एक पुतळा आहे. यान ब्रेडेल व पीटर डे कोनिंक हे ते दोघे. १८ मे १३०२ च्या पहांटें ब्रूजच्या लोकांनीं गांवांतील फ्रेंच शिबंदीची कत्तल केली. शत्रु ओळखण्यासाठीं त्यांनीं एक फ्लेमिश शब्दप्रयोग उच्चारावयास लावला, व फ्रेंच जिभेला तो साधला नाहीं तो मारला गेला, असें सांगतात. त्या उठावाशीं हीं दोन नांवें जोडलेलीं आहेत, व हेंड्रिक कॉन्सियान्सनें १८३८ मध्यें ‘फ्लँडर्सचा सिंह’ या फ्लेमिश भाषेंतील कादंबरींत तो काळ रंगविला. पुतळा बसविला गेला १८८७ मध्यें. म्हणजे रोदेनबाखची कादंबरी निघण्याच्या अवघीं पांच वर्षें आधीं. ज्या वर्षांत हें गांव आपल्या भाषेचा व पराक्रमाचा पुतळा भर चौकांत उभारीत होतें, त्याच वर्षांत एक ग्रंथकार पॅरिसमध्यें बसून, फ्रेंच भाषेंत, त्याच्या मरणाचा दाखला लिहीत होता. रोदेनबाखचें बालपण गेंट शहरीं गेलें, व १८८८ पासून तो पॅरिसमध्येंच राही. ब्रूजचा रहिवासी तो कधींच नव्हता. गांवाचें नांवसुद्धां दोन्ही भाषांत निराळें आहे. तेथील माणूस त्याला ब्रूज म्हणत नाहीं, ब्रुग्ग म्हणतो. मरण आलें तें ब्रूजला. ब्रुग्ग नांवाच्या गांवाला त्याची वार्ताहि नव्हती.

त्या गांवाला समुद्र हवा होता. कालवा खणून किनाऱ्यावर नवें बंदर बांधावें, ही त्यांची जुनी इच्छा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फळास येऊं लागली. तेव्हां रोदेनबाखनें ‘घंटावादक’ ही दुसरी कादंबरी १८९७ मध्यें लिहिली. तिचा नायक बंदराच्या योजनेला विरोध करतो, कारण बंदर झालें तर नगरीचें सौंदर्य जाईल. आणि शेवटीं पराभूत होऊन तो मनोऱ्यावरील घंटेच्या पोटांत गळफांस घेतो. पुढच्याच वर्षीं रोदेनबाख वारला. त्याचें स्मारक ब्रूजमध्यें व्हावें असें त्याच्या मित्रांनीं सुचविलें. ब्रूजच्या नगरपित्यांनीं तें नाकारलें. तें १९०३ मध्यें गेंट येथें उभें राहिलें. बंदर मात्र झालें. १९०७ मध्यें झेब्रुग येथें त्याचें उद्घाटन झालें, आणि २०२२ मध्यें तें अँटवर्पच्या बंदराशीं एक झालें. ज्या अँटवर्पनें ब्रूजचा व्यापार नेला, त्याच्याच नांवाशेजारीं आज ब्रूजचें नांव लिहिलें जातें.

येथवरचा हिशेब पाहिला, तर ग्रंथकार खोटा व गांव खरें असा सोपा निकाल देऊन मोकळें होतां येईल. पण हिशेब येथें संपत नाहीं. कारण रोदेनबाखचें स्मारक नाकारणाऱ्या ब्रूजनें रोदेनबाखचें चित्र मात्र स्वीकारलें. १८७७ पासूनच नगरपालिका जुन्या घरांच्या दर्शनी भागांस जुनें रूप देण्यासाठीं पैसा देत होती. कादंबरीच्या कीर्तीनें प्रवासी येऊं लागले. १९०२ मध्यें जुन्या फ्लेमिश चित्रकारांचें मोठें प्रदर्शन भरलें, तें पाहून इतिहासकार हाइझिंगाला मध्ययुगावरील त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाची स्फूर्ति झाली. आणि गांव दिवसेंदिवस अधिक जुनें होत गेलें. ‘अवर लेडी’च्या देवळामागें बोनिफासियस नांवाचा एक लहान दगडी पूल आहे. मध्ययुगाचा नमुना म्हणून त्याच्याइतका दुसरा पूल क्वचितच दाखविला जात असेल. मीहि त्यावर उभा राहून तेराव्या शतकाचा विचार करीत होतों. मागून कळलें, कीं तो १९१० च्या सुमाराचा आहे. कादंबरीहून तो वयानें लहान! ह्यूगनें जेनच्या अंगावर मेलेलीचे कपडे चढविले. ब्रूजनें ते आपल्या हातांनीं स्वतःच्या अंगावर चढविले, व त्यांचें भाडें घेण्यास आरंभ केला. २००० मध्यें तें जुनें गांव जागतिक वारशाच्या यादींत गेलें. आज कालव्यांनीं वेढलेल्या त्या अंडाकृति भागांत सुमारें वीस हजार माणसें राहतात, आणि त्यांच्या दारावरून दरसाल लक्षावधि प्रवासी जातात.

तेव्हां ग्रंथकाराचें पाप कोणतें व पुण्य कोणतें, हें ठरविणें कठीण आहे. त्यानें ज्यांस मेलेलें म्हटलें त्यांच्या नातवंडांची भाकरी त्याच्याच वाक्यांतून निघाली. असें असतां त्याला दोष देणें कृतघ्नपणाचें दिसेल. तरी मी दोष देतों, आणि तो नीतीच्या नव्हे, कलेच्या नांवानें देतों. कवीनें शहराला मृत म्हणावें कीं नाहीं, हा माझा प्रश्न नाहीं. शोकमग्नाला सारें जग मेलेलेंच दिसतें; यक्षालाहि मेघ दूत दिसला, त्याला आपण मूर्ख म्हणत नाहीं. परंतु कालिदासानें तेथेंच सांगून ठेविलें, कीं कामार्ताला चेतन-अचेतनाचा भेद कळत नाहीं. यक्षाचा भ्रम यक्षाचा राहिला, कवीचा झाला नाहीं. रोदेनबाखनें ही रेषा आंखली नाहीं. ह्यूगचे डोळे तेच आपले डोळे केले, आणि नायक चुकला असें सांगणाऱ्या कथेंत नायकाच्याच चुकीवर स्वतः शिक्का मारला. जेन ही मेलेली पत्नी नव्हे, हें त्यानें ओळखलें. ब्रूज हेंहि मेलेली पत्नी नव्हे, हें त्यानें ओळखलें नाहीं. पुस्तकाचा सिद्धांत पुस्तकालाच लावला असता, तर तें याहून मोठें झालें असतें.

ही टीका केवळ माझ्या मनाची नाहीं. दुसऱ्या एका कलावंतानें ती कृतीनें केली आहे. कोर्नगोल्ड या तरुण संगीतकारानें याच कथेवर ‘मृत नगरी’ हें संगीत नाटक रचलें; तें १९२० च्या डिसेंबरांत हँबुर्ग व कोलोन येथें एकाच दिवशीं प्रथम झालें. त्यांत खून होतो तो स्वप्नांत. नायक जागा होतो, मेलेलीं माणसें या जगांत परत येत नाहींत हें ओळखतो, आणि ब्रूज सोडून जावयास तयार होतो. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. घरोघर कोणाचे ना कोणाचे कपडे खुंटीवर तसेच टांगलेले होते. त्या प्रेक्षकांना ह्यूगची वेणी दाखवून घरीं पाठविणें कोर्नगोल्डला जमलें नसावें. शेवट गोड केला म्हणून त्याला हिणविणारे टीकाकार असतील. मला तो शेवट गोड वाटत नाहीं, जबाबदारीचा वाटतो.

ब्रूज सोडण्याच्या दिवशीं मी पहांटें पुन्हां रोझनहुडकायवर गेलों. प्रवासी अद्याप उठले नव्हते. धुकें होतें, पाणी स्थिर होतें, हंस होते. रोदेनबाखनें मागितलें असतें तें सर्व होतें. घंटामनोऱ्यावर सत्तेचाळीस घंटा आहेत, त्यांनीं पाव तासाचा नाद केला. मला वाटलें, आतां तरी पुस्तक व गांव एकरूप होईल. तेवढ्यांत मागून आणखी एक घंटा वाजली, फार बारीक व फार अधीर. दप्तर पाठीवर टाकलेला एक मुलगा सायकलवरून शाळेस चालला होता, आणि मी पुस्तक उघडून नेमका त्याच्या वाटेंत उभा होतों. मी बाजूस झालों. तो त्याच्या भाषेंत कांहींतरी बोलून गेला. तें आभार होतें कीं चिडणें, हें मला समजलें नाहीं. पण बोलणें जितें होतें.

पुस्तक मीं टाकून दिलेलें नाहीं. तें पुन्हां वाचीन, आणि दुसऱ्यांसहि वाचावयास सांगेन. शोक माणसाला काय करतो, हें इतक्या थोड्या पानांत इतक्या खोलपणें फार थोड्यांनीं सांगितलें आहे. फक्त त्या गांवीं जाणाराला एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं ह्यूग व्हियानचें घर शोधावें, मग थोडें पुढें जाऊन बार्बचेंहि घर शोधावें. पहिलें सहज सांपडतें, कारण तेथें रांग असते. दुसऱ्यासाठीं मागच्या गल्ल्यांत शिरावें लागतें. तेथें खिडकींत पडदे असतात, दाराशीं मुलांचीं चाकाचीं खेळणीं पडलेलीं असतात, आणि आपण फार वेळ रेंगाळलों तर पडद्यामागून कोणीतरी आपल्याकडे पाहात असतें.